अंथरूण पाहून घ्यावं

आम्ही नांदगावच्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. मागच्या वेळी साठवणीच्या धान्याबद्दल बोललो होतो, आज अंथरुणाबद्दल बोलू. विषय ऐकून कोणी हसेल. चादर घ्यायला काय अक्कल लागते, रंग आवडला की घेतली! आम्हीही तसंच समजत होतो. पण गेल्या दिवाळीला आमच्या गल्लीत जे घडलं, त्यानंतर आम्ही चादर हातात घेतली की आधी उजेडाकडे धरतो.

झालं असं. दिवाळीच्या आधी झाडलोट चालू होती. गाद्या उन्हात टाकलेल्या, जुन्या चादरी विरलेल्या. अशा वेळी मोटरसायकलवर गठ्ठा बांधून एक फेरीवाला आला. "या वहिनी, या मावशी, शुद्ध कॉटन, मिलचा माल, चार डबल चादरी आणि आठ अभ्रे, बाराशे रुपये!" मोठमोठी गुलाबं, मोरपंखी रंग, हात फिरवला तर रेशमासारखं मऊ. दुकानात एका चादरीला सहाशे-सातशे पडतात, इथे तीनशेला एक पडत होती. एकीने घेतली, मग दुसरीने, आणि बघता बघता दहा घरांत ते गठ्ठे गेले. बिल कोणी मागितलं नाही. दारात उभ्या माणसाकडे बिल काय मागायचं!

दिवाळीत घरं छान दिसली. मग एकेक गाऱ्हाणं सुरू झालं. चादर गादीवर ठरेना, सकाळी अर्धी खाली लोंबलेली असायची. पोरं म्हणायची, अंगाला चिकटते. धुतल्यावर बारीक गुठळ्या आल्या. इथवर ठीक होतं, पैसे गेले म्हणून गप्प बसलो असतो. पण आमच्यातल्या एकीच्या सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. सुनेने हौसेने तीच नवी चादर त्यांच्या खाली घातली होती. उन्हाळा लागला. एक दिवस आशाताई घरी आल्या, त्यांनी म्हातारीला कुशीवर वळवलं आणि माकडहाडाजवळ लाल झालेली कातडी बघितली. बोटाने दाबली तरी लाली जाईना. पाठ घामाने ओली, खाली चादरीच्या सुरकुत्या. आशाताईंनी सांगितलं, "ताई, आधी ही चादर काढा. घरातली जुनी सुती असेल ती घाला. आणि आत्याबाईंना आजच दवाखान्यात दाखवा."

वेळेवर कळलं, म्हणून जखम झाली नाही. पण त्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी चांगली म्हणून घातली होती," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही ठरवलं, चादरीचं कापड म्हणजे काय ते नीट समजून घ्यायचं. जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

सुती की पॉलिस्टर?

पहिली गोष्ट धाग्याची. कापूस घाम पितो, पॉलिस्टर पीत नाही. हे नुसतं बोलणं नाही, त्याचं माप आहे. सुती धागा हवेतली ओल आपल्यात धरून ठेवतो, त्याच्या वजनाच्या साधारण ८ टक्के. पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणजे आपण झोपलो की अंगाचा घाम सुती चादर ओढून घेते आणि हळूहळू हवेत सोडते. पॉलिस्टरच्या चादरीवर तोच घाम कातडी आणि कापडाच्या मधे तसाच राहतो. आपल्या नांदगाव-मनमाडकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, त्यात वीज गेलेली असताना, हा फरक झोपेवर पडतो. अंथरुणावरच्या माणसाच्या तर तो कातडीवर पडतो.

पॉलिस्टर अगदी टाकाऊ आहे असं आमचं म्हणणं नाही. ते लवकर वाळतं, चुरगळत नाही, आटत नाही, स्वस्त पडतं. सुती आणि पॉलिस्टर मिसळलेलं कापडही येतं, ते दोघांच्या मधलं. पाहुण्यांसाठी, दिवाणावर दिवसा घालायला, प्रवासात न्यायला ते चालतं. पण तान्हं बाळ, म्हातारं माणूस, आजारी माणूस, अंगाला घामोळं येणारी पोरं, यांच्या खाली सुतीच हवं. आणि मुख्य म्हणजे पॉलिस्टर घ्यायचं असेल तर पॉलिस्टर म्हणून, पॉलिस्टरच्या भावात घ्यावं.

इथे नावांनी फसायला होतं. ‘ग्लेस कॉटन’ असं एक नाव बाजारात फार चालतं. नावात कॉटन आहे, पण त्या नावाखाली मिळणारं चकचकीत, गुळगुळीत कापड बहुतेक वेळा पॉलिस्टर किंवा मिश्र धाग्याचं असतं. ‘मायक्रोफायबर’ म्हणजेही अगदी बारीक पॉलिस्टर. ‘कॉटन फील’ लिहिलं असेल तर समजायचं, हात लावल्यावर कॉटनसारखं वाटतं, कॉटन आहे असं नाही. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव वाचून थांबू नका, कोणता धागा किती टक्के हे बारीक अक्षरांत कुठे लिहिलं आहे ते शोधा.

घरच्या घरी परीक्षा

लेबल नसेल तर काय करायचं? आम्ही त्या फेरीवाल्याच्या चादरीवर चार परीक्षा केल्या. तुम्हालाही करता येतील.

पहिली, जाळून बघण्याची. चादरीच्या कडेचा एक धागा ओढून काढायचा, चिमट्यात धरून काडी लावायची. ताटलीवर करायचं, पोरांना लांब ठेवायचं. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, मागे मऊ राखाडी राख राहते, बोटाने चोळली की भुकटी होते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. मिश्र असेल तर थोडी राख, थोडा कडकपणा. उभा आणि आडवा, दोन्हीकडचा धागा बघायचा, कारण कधी ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असतो. आमच्या ‘शुद्ध कॉटन’ चादरीचे दोन्ही धागे वितळले आणि मणी झाले. आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

दुसरी परीक्षा पाण्याची. धुतलेल्या चादरीवर पाण्याचा थेंब टाकायचा. सुती कापड तो लगेच पितं, पॉलिस्टरवर तो थोडा वेळ तसाच बसतो किंवा बाजूला पसरतो. नव्या कोऱ्या कापडाला मात्र खळ असते, म्हणून ही परीक्षा एकदा धुतल्यावरच खरी.

तिसरी खळीची. दुकानात चादर जाड आणि कडक लागते, आपण म्हणतो काय दणकट कापड आहे! पण पुष्कळदा तो कडकपणा खळीचा असतो. चादरीचा कोपरा दोन्ही हातांत धरून खसखसून चोळा. पांढरी भुकटी पडली आणि कापड एकदम ढिलं झालं, तर समजा की पहिल्या धुण्यात अर्धी चादर पाण्यात जाणार. मग तोच कोपरा उजेडाकडे धरा. धागे सारखे, जवळ जवळ दिसले तर बरं. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर विरळ विणलेलं आहे.

चौथी रंगाची. पांढरा रुमाल ओला करून गडद रंगाच्या भागावर दहा-बारा वेळा घासायचा. रुमालाला थोडा रंग लागणं चालेल, पण रुमालच रंगला तर ती चादर शेजारच्या पांढऱ्या कपड्यांची वाट लावणार. छापील चादरीची उलटी बाजूही बघा. रंग धाग्यात मुरला असेल तर मागूनही नक्षी बरीच दिसते आणि हाताला कापड एकसारखं लागतं. रंगाचा नुसता थर वर बसवला असेल तर फुलांच्या जागी हाताला कडक लागतं आणि काही धुण्यांनंतर तिथला रंग उडायला लागतो. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपण आईकडून ऐकत आलो. तसं होत नाही, बायांनो. कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही, भिजवल्याने फक्त सुटा रंग निघून जातो.

वजन सांगतं ते तोंड सांगत नाही

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेली परीक्षा किराणा दुकानातल्या काट्याची. कापडाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. त्यालाच पाकिटावर ‘जीएसएम’ लिहितात. रोज वापरायची चांगली सुती चादर साधारण १२० च्या आसपास असते. ९० इंच बाय १०० इंचाची डबल चादर म्हणजे जवळपास ५.८ चौरस मीटर कापड. म्हणजे तिचं वजन ७०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. आम्ही फेरीवाल्याची चादर काट्यावर टाकली, ती सव्वाचारशे ग्रॅमसुद्धा भरली नाही. मग पट्टीने मोजली. ९० बाय १०० सांगितलेली चादर ८४ बाय ८८ निघाली. धाग्यातही फसलो आणि मापातही.

पाकिटावर आणखी एक आकडा असतो, ‘थ्रेड काउंट’. एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे, तो हा आकडा. उभे १०० आणि आडवे ८० असतील तर १८० झाले. रोजच्या वापराला १८० ते ३०० पर्यंतचं कापड उत्तम. आकडा जितका मोठा तितकी चादर चांगली, असं मात्र नाही. एका इंचात किती धागे मावणार, याला मर्यादा आहे. म्हणून कुठे ८००, १००० असा आकडा दिसला तर बहुधा दोन-तीन बारीक तंतू पिळून केलेल्या एका धाग्याचे सगळे तंतू वेगवेगळे मोजलेले असतात. त्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

विणीचं थोडं सांगतो. साधी वीण म्हणजे एक धागा वर, एक खाली. ही टिकाऊ, हवा खेळती ठेवणारी, धुण्याला सोपी. सॅटीन विणीत धागा एकदम तीन-चार धाग्यांवरून उडी मारतो, म्हणून चमक येते आणि हाताला मऊ लागतं. पण तेच लांब धागे पैंजणात, बांगडीत, खाटेच्या खिळ्यात अडकतात आणि ओढले जातात. घरात लहान पोरं उड्या मारणारी असतील तर साधी वीण बरी.

माप आधी, बाजार नंतर

आपण दुकानात जाऊन ‘डबल बेडची चादर द्या’ म्हणतो. कोणाचा डबल बेड? कोणाकडे चार बाय सहाचा पलंग, कोणाकडे सहा बाय साडेसहाचा. कोणाची कापसाची चार इंची गादी, कोणाची फोमची आठ इंची. म्हणून घरून माप घेऊन जावं. हिशेब सोपा आहे. गादीची रुंदी, त्यात गादीची जाडी दोनदा, त्यात खाली खोचायला दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच. लांबीचाही असाच.

चार बाय सहा फुटांची, चार इंच जाड गादी घ्या. रुंदी ४८, त्यात ८, त्यात १६, झाले ७२ इंच. लांबी ७२, त्यात ८, त्यात १६, झाले ९६ इंच. म्हणजे ९० बाय १०० ची चादर इथे छान बसेल, रुंदीला थोडी जास्तच होईल. आता सहा बाय साडेसहा फुटांची, सहा इंच जाड गादी घ्या. रुंदी ७२, १२ आणि १६, झाले १०० इंच. लांबी ७८, १२ आणि १६, झाले १०६ इंच. इथे ९० बाय १०० ची चादर तोकडी पडणार, रोज सकाळी सुटणार. हिला १०८ बाय १०८ ची लागेल. इलॅस्टिकची चादर घेत असाल तर ती किती इंच जाड गादीसाठी आहे ते आधी विचारा, नाहीतर कोपरा कोपऱ्यात बसत नाही.

सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतं, तेही धरून चाला. शंभर इंचाला चार-पाच इंच आटलं तर नवल नाही. म्हणून माप नेमकं नको, थोडं जास्तच घ्यावं.

आमच्यातल्या काही जणी आता तयार चादरीऐवजी तागातलं कापड घेतात. ९० किंवा १०० इंच पन्ह्याचं सुती कापड मीटरवर मिळतं. पावणेतीन मीटर घ्यायचं, घरी आणून आधी भिजवायचं, वाळवायचं, आटायचं तेवढं आटू द्यायचं आणि मग कडा शिवायच्या. उरलेल्या पट्टीत एखादा अभ्रा निघतो. लहान पन्ह्याचं कापड घेऊन मधे जोड दिला तर तेही चालतं, फक्त जोड पाठीखाली येऊ देऊ नका. एक मोठा पन्हा मधे आणि दोन अर्धे पन्हे कडांना, अशी जोडणी करा.

कुठला माल कशासाठी

आपण नांदगावकर कापडाच्या बाबतीत नशीबवान आहोत. शेजारच्या मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी तिथे हातमाग मांडले, पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. तिथे मुख्यतः कोरं कापड विणलं जातं, पुढे ते धुऊन, रंगवून, छापून बाजारात येतं. येवल्याची पैठणी तर सगळ्यांना ठाऊक. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आज ते आणि भिवंडी ही आपल्या राज्यातली यंत्रमागाची मोठी गावं.

चादर म्हटलं की आपल्याला आठवतं सोलापूर. सोलापुरी चादर जाकार्ड मागावर विणलेली, नक्षी छापलेली नसून विणीतच असते, म्हणून ती कधी उडत नाही. ही जाड, भरदार सुती चादर खरी पांघरायची. काही घरांत ती पलंगपोस म्हणूनही घालतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे दुसऱ्या गावच्या मालाला ते नाव लावता येत नाही. तरीही बाहेरची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते, ही तिथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. म्हणून नाव ऐकून घेऊ नका, कडेला शिवलेलं लेबल आणि कारखान्याचा पत्ता बघा. जयपूरजवळच्या सांगानेर आणि बगरूच्या छापील चादरी हलक्या आणि उन्हाळ्याला छान, तमिळनाडूतलं करूर घरगुती कापडासाठी नावाजलेलं. हरियाणातलं पानिपत ब्लँकेटांचं आणि सतरंज्यांचं गाव. हातमागाचा माल हवा असेल तर ‘हँडलूम मार्क’ची खूण बघून घ्यावा.

आता पलंगपोस. चादर आणि पलंगपोस यांत आपण घोळ करतो. चादर अंगाला लागते, म्हणून मऊ आणि घाम पिणारी हवी. पलंगपोस दिवसा वरून घालायचा, त्यावर माणसं बसतात, पोरं खेळतात, धूळ पडते. तो जाड विणीचा, गडद रंगाचा, न चुरगळणारा असावा, मिश्र धाग्याचा असला तरी हरकत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळीबरोबर घरभर धूळ येते. दिवसा पलंगपोस घातला आणि रात्री काढून ठेवला, तर खालची चादर दुप्पट दिवस स्वच्छ राहते. पैसे नसतील तर जुनं नऊवारी दुहेरी शिवून घाला. त्याच्याइतका चांगला पलंगपोस नाही.

पाण्याचा हिशेब

चादर घेताना आपण धुण्याचा विचार करत नाही. गिरणा धरण आपल्याच तालुक्यात असलं तरी टंचाईच्या दिवसांत आपल्या किती घरांत नळाची वाट बघावी लागते, टँकरची वाट बघावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. भिजलेली जाड चादर पिळताना मनगट भरून येतं. म्हणून अंगाखाली मध्यम वजनाची चादर घ्या, जाड घेऊ नका. एका पलंगाला दोन चादरी पुरतात, एक घातलेली, एक धुतलेली. आणि घरात मिळून एक पाहुण्यांसाठी. अभ्रे मात्र प्रत्येक उशीला तीन ठेवा. डोक्याचं तेल आणि घाम अभ्र्यालाच जास्त लागतो, तो धुवायला मगभर पाणी पुरतं, आणि अभ्रा वरचेवर बदलला की चादर आठवडाभर निघते. चादरीचं शेवटचं खळबळलेलं पाणी संडासाला, अंगणाला वापरा.

घरात कोणाला दमा असेल तर त्याची चादर आणि अभ्रा आठवड्याला कढत पाण्यातच धुवा. अंथरुणातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते थंड पाण्याने मरत नाहीत. आणि घरात खरूज आली तर नुसतं औषध लावून भागत नाही. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं आणि त्याच दिवशी चादरी, अभ्रे, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस, जमलं तर आठवडाभर ठेवायचं. अंगापासून दूर खरजेचा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. अशा घरी उकळत्या पाण्याला टिकणारी साधी सुती चादरच उपयोगी पडते. रेल्वेच्या एसी डब्यात आणि दवाखान्यात पांढरी चादर का देतात? तिच्यावर डाग लपत नाही, आणि ती उकळली, ब्लीच केली तरी रंग जाण्याची भीती नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल मुद्दाम सांगतो. नुसत्या चादरीने जखम होत नाही आणि नुसत्या चादरीने ती टळतही नाही. एकाच जागी दाब पडत राहिला की जखम होते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, कातडी रोज बघायची. पण चादर सुती हवी, ताणून खोचलेली हवी, सुरकुती आणि जोड अंगाखाली नको. मधे मेणकापड घालत असाल तर त्याच्यावर जुन्या मऊ सुती कापडाची दुहेरी घडी घाला. ती ओली झाली की तेवढीच बदलता येते. बाळाच्या खालीही चादर ताणलेलीच हवी, तोंडाजवळ सैल कापड, उशा नकोत.

पैसा कुठे वाचतो

त्या फेरीवाल्याच्या बाराशेच्या चार चादरी दीड वर्षात गेल्या असं धरा, वर्षाला आठशे पडले. दुकानातल्या सातशेच्या दोन सुती चादरी, चौदाशे रुपये, आलटून पालटून वापरल्या तर चार वर्षं सहज जातात. वर्षाला साडेतीनशे पडले. स्वस्त ते महाग पडतं, ते असं.

पाकीटबंद चादर घेताना त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, माप, नग, जास्तीत जास्त किंमत आणि महिना-वर्ष छापलेलं असावं, असा नियम आहे. छापलेल्या किमतीहून जास्त कोणी मागू शकत नाही, कमी मात्र मागा! बिल घ्या आणि त्यावर ‘१०० टक्के सुती’ आणि माप लिहून मागा. खरा दुकानदार लिहून देतो. जो कां-कूं करतो, त्याच्याकडून काय ते समजून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, त्यावर तक्रार सांगता येते. पण तक्रार करायला बिल लागतं आणि विकणारा कोण ते माहीत लागतं. आमच्या हातात दोन्ही नव्हतं, म्हणून आम्ही गप्प बसलो.

फेरीवाल्याकडून घेऊच नका, असं आम्ही म्हणत नाही. तोही पोटासाठी उन्हात फिरतो आणि त्यातले कितीतरी प्रामाणिक असतात. फक्त एक करा, आधी एकच चादर घ्या. पट्टी आणा, मोजा. कडेचा धागा मागा, काडी लावा. खरा माल असेल तर तो हसत धागा काढून देईल.

त्या सुनेच्या घरी आता सासूबाईंच्या खाली तागातल्या सुती कापडाच्या दोन चादरी आहेत, आमच्यातल्या एकीने शिवून दिलेल्या. त्यांची पाठ बरी आहे. आणि त्या दहा घरांतल्या गुलाबाच्या चादरींचं काय झालं? कोणी कणगीवर झाकायला घेतली, कोणी गाडीवर. सुती चादर विरली तर तिची गोधडी होते, गोधडी फाटली तर पोतेरं होतं, घरातच राहून ती सगळ्यांच्या उपयोगी पडते. ह्या चादरींची गोधडीही होईना. आमच्या एका आजीबाईंनी शिवायला घेतली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, "हिला ऊब नाही गं."

मैत्रिणींनो, अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं. आम्ही त्यात एवढंच घालतो, अंथरूण घेतानाही ते पाहून घ्यावं. उद्या दुकानात जाल तेव्हा पर्समध्ये मोजपट्टी, पांढरा रुमाल आणि गादीच्या मापाची चिठ्ठी ठेवा. तुमच्या गावात चांगलं कापड कुठल्या पन्ह्यात मिळतं, तुम्ही ते कसं शिवता, हे आम्हाला लिहून कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवू.